एरिक्सिमेकसचे भाषण : प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’मधील एका वैद्याचा प्रेमविचार

१

प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात प्रेमाविषयी जी सात भाषणे आली आहेत त्यांपैकी तिसरे भाषण एरिक्सिमेकस नावाच्या वैद्याचे आहे. संवादाचे प्रथम वाचन करणाऱ्याच्या मनावर या भाषणाचा ठसा सहसा उमटत नाही. त्याच्या पाठोपाठ येणारी अ‍ॅरिस्टोफेनीसची दुभंगलेल्या माणसांची कथा, सॉक्रेटीसने निवेदन केलेली डायोटिमाची शिकवण आणि अखेरीस मद्याच्या धुंदीत अल्सिबायडीसने केलेली सॉक्रेटीसची स्तुती यांच्या तेजापुढे वैद्याचे हे विवेचन फिके वाटते. ते म्हणजे एका पढिक माणसाचे विडंबन होय, असे मत अभ्यासकांमध्ये बराच काळ रूढ होते. १९४५ साली लुडविग एडेलस्टाइन यांनी एक स्वतंत्र निबंध लिहून या मताचा प्रतिवाद केला. एरिक्सिमेकस हा त्या काळच्या सुविद्य वैद्याचा प्रतिनिधी असून प्लेटोने त्याचे चित्रण उपहासाने केलेले नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेव्हापासून या भाषणाची चर्चा पुष्कळदा ‘विडंबन की आदर’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे.

हा प्रश्न गौण आहे असे नाही. परंतु तो भाषणापेक्षा भाषण करणाऱ्या व्यक्तीविषयीचा आहे. प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे. एरिक्सिमेकसचे भाषण वगळले तर उरलेल्या संवादाचा युक्तिवाद उभा राहू शकेल काय? माझ्या मते तो उभा राहू शकणार नाही. प्रेमाच्या विचाराला या वैद्याने एक मोठी जोड दिली आणि त्याच वेळी प्रेमातील एक आवश्यक घटक त्याच्या हातून निसटला. पुढील वक्त्यांनी त्याची देणगी स्वीकारली व निसटलेला घटक परत मिळवला. संवादाची खरी प्रगती या देवघेवीतून झालेली आहे.

प्रारंभी एका शब्दाचा खुलासा करणे आवश्यक आहे. ज्याची ही सर्व स्तुती चालली आहे तो ‘एरॉस’ मराठीतील ‘प्रेम’ या शब्दात पुरता मावत नाही. मराठीत आईचे, मित्राचे, भक्ताचे असे सर्वांचे प्रेम असते; एरॉसमध्ये मात्र जे आपल्यापाशी नाही त्याची ओढ ही मूळ कल्पना आहे, आणि त्या दृष्टीने तो आपल्या ‘काम’ या शब्दाला अधिक जवळचा आहे. मित्रांमधील स्नेहासाठी ग्रीक भाषेत ‘फिलिया’ हा वेगळा शब्द आहे. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार असल्यामुळे येथे ‘एरॉस’ हाच शब्द ठेवला आहे.

२

संवादातील प्रसंग इ. स. पू. ४१६ मधील आहे. शोकांतिकाकार अ‍ॅगथॉनला नाट्यस्पर्धेत पहिला विजय मिळाला आहे आणि त्याच्या घरी मित्रमंडळी जमली आहेत. आदल्या दिवशी सर्वांनी भरपूर मद्यपान केलेले असल्यामुळे आज बेताने घ्यावे अशी सूचना निघते. ती ऐकताच एरिक्सिमेकस वैद्यकाच्या आधारे सांगतो की, मद्याची धुंदी माणसाला अपायकारक असते. ज्याला जेवढे रुचेल तेवढेच त्याने प्यावे असे ठरते. बासरी वाजवण्यासाठी आलेल्या मुलीला परत पाठवावे आणि प्रत्येकाने क्रमाने एरॉसची स्तुती करावी, ही सूचनाही त्याचीच. विषयाची मूळ कल्पना आपला मित्र फीड्रस याची आहे हे तो प्रांजळपणे सांगतो. तात्पर्य, त्या रात्रीच्या पानगोष्ठीला जी शिस्त लाभली ती वैद्याने लावून दिलेली आहे. तो प्रेमाविषयी बोलण्यापूर्वीच प्रेमाच्या चर्चेला पथ्यावर बसवतो.

पॉसेनियसच्या भाषणानंतर खरे म्हणजे अ‍ॅरिस्टोफेनीसची पाळी होती. परंतु त्याला उचकी लागते. शेजारी बसलेल्या एरिक्सिमेकसला तो विनवतो की, एक तर माझी उचकी थांबव किंवा माझ्या जागी तू बोल. वैद्य दोन्ही गोष्टी मान्य करतो. प्रथम बराच वेळ श्वास रोखून धर. तेवढ्याने भागले नाही तर पाण्याने गुळण्या कर. आणि तरीही उचकी थांबली नाही तर नाकात काही घालून शिंक काढ, असे तीन उपाय तो सांगतो. यांपैकी शेवटचा उपाय केवळ विनोदासाठी रचलेला नाही. हिप्पोक्रेटीसच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहाच्या सहाव्या भागात शिंकेने उचकी जाते असे स्पष्ट म्हटलेले आहे. म्हणजे एरिक्सिमेकस आपल्या शास्त्राला धरूनच बोलत आहे.

३

भाषणाचा आरंभ पॉसेनियसच्या सिद्धांतातील दुरुस्तीने होतो. एरॉस एक नसून दोन आहेत, एक दिव्य आणि एक ग्राम्य, हे पॉसेनियसचे म्हणणे वैद्याला मान्य आहे. परंतु पॉसेनियसने एरॉसला माणसांच्या मनापुरते आणि सुंदर व्यक्तींच्या ओढीपुरते मर्यादित केले, ही त्याची चूक होय. प्राण्यांच्या शरीरात, भूमीतून उगवणाऱ्या वनस्पतींत, किंबहुना जे जे अस्तित्वात आहे त्या सर्वांत एरॉस वसत आहे आणि हे आपल्याला वैद्यकामुळे कळले, असे तो सांगतो. आपल्या विद्येचा मान राखण्यासाठी वैद्यकापासूनच प्रारंभ करतो, असेही तो म्हणतो.

वैद्यकाची त्याने केलेली व्याख्या लक्षणीय आहे. शरीरातील पूरण आणि रेचन, म्हणजे भरणे व रिते होणे, यांच्या संदर्भात शरीराच्या ज्या ओढी असतात त्यांचे ज्ञान म्हणजे वैद्यक. निरोगी भागाची ओढ वेगळी, रोगी भागाची वेगळी. पहिलीला अनुकूल व्हावे, दुसरीला नकार द्यावा. या दोहोंतील फरक ज्याला ओळखता येतो तो वैद्य. आणि एका ओढीच्या जागी दुसरी निर्माण करणे ज्याला साधते तो कुशल वैद्य. शीत व उष्ण, कडू व गोड, शुष्क व आर्द्र हे शरीरातील हाडवैरी होत. त्यांच्यामध्ये स्नेह व ऐकमत्य कसे निर्माण करावे हे आपला पूर्वज अ‍ॅस्क्लेपियस याला कळले आणि त्यातून त्याने ही विद्या स्थापन केली.

यानंतर हेच सूत्र तो व्यायाम, शेती, संगीत, ऋतुचक्र आणि शकुनविद्या यांना लावतो. संगीत म्हणजे उच्च व नीच स्वरांतील आणि द्रुत व विलंबित गतींतील ऐकमत्य. ऋतूंमध्ये सुव्यवस्थित एरॉस असेल तर माणसे, पशू व वनस्पती यांना आरोग्य लाभते. उच्छृंखल एरॉस प्रबळ झाला तर साथीचे रोग, हिमवर्षाव, गारपीट व पिकांवरील रोग येतात. देव आणि माणसे यांच्यातील स्नेह सांभाळणे हे शकुनविद्येचे काम. अशा रीतीने शरीरापासून देवलोकापर्यंत एकच तत्त्व पसरलेले आहे, असे दाखवून तो थांबतो.

४

या भाषणाचे मूल्यमापन करताना ज्या परंपरेतून ते आले ती ध्यानात घेतली पाहिजे. आरोग्य म्हणजे शरीरातील शक्तींचे समबल आणि रोग म्हणजे त्यांपैकी एकीची राजसत्ता, हा विचार क्रोटोनच्या अल्कमेऑनचा. त्याने उल्लेखिलेली द्वंद्वे एरिक्सिमेकसच्या द्वंद्वांशी जुळतात. ‘वायू’ या हिप्पोक्रेटीय निबंधात तर वैद्यक म्हणजे वजाबाकी आणि बेरीज अशीच व्याख्या केलेली आहे. येथे मराठी वाचकाला आयुर्वेदातील धातुसाम्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण प्रस्तुत भाषण समजण्यासाठी त्या तुलनेची आवश्यकता नाही. ग्रीक वैद्यकातच त्याचे संपूर्ण स्पष्टीकरण मिळते.

एम्पेडोक्लीजचे ऋण मात्र अधिक बारकाईने पाहावयास हवे. त्याच्या विश्वरचनेत स्नेह आणि कलह या दोन शक्ती आहेत. एक जोडते, दुसरी तोडते. एरिक्सिमेकसने ही द्वैतरचना घेतली, परंतु कलहाला त्याने स्वतंत्र स्थान ठेवले नाही. तोडणाऱ्या शक्तीलाही त्याने एरॉसच म्हटले, फक्त वाईट एरॉस. हा बदल नावापुरता नाही. जगातील विघटनाचे मूळ प्रेमाबाहेर नसून प्रेमाच्याच बिघाडात आहे असे एकदा मानले, की ते शत्रूप्रमाणे जिंकावयाचे राहत नाही, रोगाप्रमाणे बरे करावयाचे होते. ही खास वैद्याची दृष्टी आहे आणि ती उदारही आहे.

त्यामुळे या भाषणाचे श्रेय दुहेरी आहे. एरॉस हे माणसाच्या मनातील एक लहर नसून सर्व सजीव सृष्टीत कार्य करणारे तत्त्व आहे, हे प्रथम त्याने सांगितले. फीड्रस आणि पॉसेनियस यांना प्रेम म्हणजे मुख्यतः प्रियकर व त्याचा प्रिय यांच्यामधील व्यवहार वाटत होता. दुसरे असे की, प्रेम ज्ञानाचा विषय होऊ शकते, त्याला नियम आहेत, ते शिकता येते आणि शिकवता येते, हेही त्यानेच मांडले. ‘गॉर्जियास’मध्ये प्लेटोने वैद्यकाला आपल्या कृतीची कारणे सांगू शकणारी विद्या म्हणून पाककौशल्याच्या वर बसवले आहे, आणि आपल्या भाषणात एरिक्सिमेकसही पाकक्रियेतून उद्भवणाऱ्या वासना रोग होऊ न देता कशा हाताळाव्यात याचा उल्लेख करतो. ज्याला केवळ हास्यास्पद ठरवावयाचे त्याच्या तोंडी प्लेटोने स्वतःला मान्य असलेला विचार घातला नसता.

५

आता भाषणातील दोष पाहू. संगीताचा विचार करताना एरिक्सिमेकस हेराक्लायटसचे एक वचन उद्धृत करतो. एक तत्त्व स्वतःशी भिन्न असूनही स्वतःशी जुळते, जसा धनुष्याचा आणि वीणेचा मेळ, असा त्याचा आशय आहे. वैद्याला हे असंबद्ध वाटते. भिन्न असलेल्या वस्तू भिन्न असेपर्यंत त्यांच्यात मेळ कसा असेल? हेराक्लायटसला बहुधा असे म्हणावयाचे असावे की, उच्च व नीच स्वर आधी भिन्न होते आणि नंतर संगीतविद्येच्या योगे त्यांच्यात ऐकमत्य झाले, अशी दुरुस्ती तो सुचवतो.

या दुरुस्तीने हेराक्लायटसचा मुद्दाच नाहीसा होतो. धनुष्याची दोरी आणि त्याचा दांडा परस्परांना विरुद्ध दिशांनी ओढत असतात. ही ओढ चालू आहे तोवरच धनुष्य हे धनुष्य असते. वीणेची तार सैल केली तर तिच्यातील विरोध संपतो आणि त्याबरोबर स्वरही संपतो. हेराक्लायटसच्या मते विरोध आणि मेळ एकाच क्षणी नांदतात. एरिक्सिमेकसने त्यांना कालक्रमात मांडले : आधी रोग, नंतर आरोग्य, आधी वैर, नंतर सख्य. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्याला असा क्रम स्वाभाविक वाटणार. पण एरॉसला तो लावता येईल काय?

येथे भाषणाच्या शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे. आरंभी तो एरॉसविषयी बोलतो. विरोधी घटकांच्या मीलनाचे वर्णन करताना हळूहळू ‘फिलिया’ आणि ‘ऐकमत्य’ हे शब्द एरॉसच्या शेजारी येतात आणि शेवटी त्याचीच जागा घेतात. परंतु स्नेह व ऐकमत्य ही साध्य झालेली अवस्था आहे, एरॉस ही ओढ आहे. उष्ण व शीत यांचा समतोल साधल्यावर त्यांपैकी कोणाला कशाची ओढ उरली? पुढे सॉक्रेटीस अ‍ॅगथॉनला थोड्याच प्रश्नांत कबूल करावयास लावतो की, इच्छा ही जे आपल्यापाशी नाही त्याचीच असते. त्या कसोटीवर एरिक्सिमेकसचा आदर्श एरॉस सिद्ध होताक्षणीच एरॉस राहत नाही.

दुसरा दोष चांगल्या व वाईट एरॉसच्या निकषाविषयी आहे. निरोगी भागाची ओढ चांगली, रोगी भागाची वाईट, हे ठीक. पण कोणता भाग निरोगी हे ओढीकडे पाहून कळत नाही, ते वैद्याच्या ज्ञानाने कळते. म्हणजे प्रेमाचे मूल्य ठरवणारे तत्त्व प्रेमात नसून विद्येत आहे. एरॉसच्या स्तुतीसाठी सुरू झालेले भाषण नकळत विद्येची स्तुती होते. ज्याला ही ओढ लागली आहे त्याचा, त्याच्या सुखदुःखाचा, त्याच्या निद्रानाशाचा या भाषणात कोठेही उल्लेख नाही. सारे विश्व प्रेमाने भरलेले आहे, आणि त्यात प्रेम करणारा कोणी नाही. प्रेमाचे नियमन करणाऱ्याच्या जागी उभे राहून जे दिसते तेवढेच वैद्याने पाहिले. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात प्लेटोने हेरोडिकसच्या पद्धतीवर टीका केली आहे. तेथे पथ्य सांभाळता सांभाळता सारे आयुष्यच उपचारात खर्ची पडते. त्या टीकेची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

६

या दोषांवरील पहिले उत्तर अ‍ॅरिस्टोफेनीस देतो आणि ते भाषण सुरू होण्यापूर्वीच देतो. उचकी थांबली, पण शिंक काढल्यावरच, असे सांगून तो आश्चर्य व्यक्त करतो की, शरीरातील सुव्यवस्थेला असल्या आवाजांची आणि गुदगुल्यांची गरज भासावी! हा विनोद मार्मिक आहे. वैद्याचा सिद्धांत ऐकमत्याचा आहे, पण त्याचा उपचार मात्र एका झटक्याने दुसरा झटका थांबवण्याचा. त्याची कृती हेराक्लायटसला अधिक जवळची आहे, आणि हे त्याच्या रोग्याने त्याच्या ध्यानात आणून दिले.

त्यानंतरच्या कथेत वैद्यकाची भाषा अ‍ॅरिस्टोफेनीसने उचललेली आहे. मूळची गोलाकार माणसे झ्यूसने मधोमध कापली आणि त्यांच्या जखमा बऱ्या करण्याची आज्ञा अपोलोला दिली. अपोलोने कातडी ओढून आणली, पोटावर तिचे तोंड बांधले; तीच आपली बेंबी. शस्त्रक्रिया निर्दोष झाली; तथापि बरे झालेले ते अर्धे देह एकमेकांना मिठी मारून उपाशी मरू लागले. शरीराची जखम बुजली, उणीव बुजली नाही. याच भाषणात अ‍ॅरिस्टोफेनीस एरॉसलाच माणसांचा वैद्य म्हणतो. एरिक्सिमेकसच्या विचारात वैद्य एरॉसवर उपचार करतो; अ‍ॅरिस्टोफेनीसच्या कथेत एरॉस माणसावर उपचार करतो. वैद्याच्या हातून निसटलेली उणीव अशा रीतीने प्रेमाच्या केंद्रस्थानी परत आली.

डायोटिमा याहून पुढे जाते. एरॉस सर्व सजीवांत आहे हा वैद्याचा सिद्धांत तिने स्वीकारला आहे. पशुपक्षी मीलनासाठी व पिलांसाठी व्याकूळ होतात याचे कारण ती सॉक्रेटीसला विचारते. मर्त्य जीवाचे केस, मांस, अस्थी, रक्त ही सारी झिजून पुन्हा नवी होत असतात, आणि ज्ञानदेखील विसरले जाऊन अभ्यासाने पुन्हा जागे होते, हे तिचे विवेचन म्हणजे एरिक्सिमेकसच्या पूरण-रेचनाचेच गहन रूपांतर आहे. वैद्याला त्यात समतोल दिसला होता. तिला त्यात मर्त्याची अमरत्वासाठी चाललेली धडपड दिसते. देव आणि माणसे यांना जोडणारी शकुनविद्याही तिने घेतली, परंतु ती आता मध्यस्थ देवयोनी असलेल्या एरॉसच्या आधीन आहे.

या संदर्भात आणखी एक तपशील नजरेआड करू नये. डायोटिमाचा परिचय करून देताना सॉक्रेटीस म्हणतो की, तिने अथेन्सकरांकडून यज्ञ करवून महामारी दहा वर्षे पुढे ढकलली होती. साथीचे रोग उच्छृंखल एरॉसमुळे येतात असे वैद्याने नुकतेच सांगितलेले असते. इ. स. पू. ४३० च्या महामारीतून गेलेल्या पिढीची ही पानगोष्ठी आहे. त्या साथीत वैद्य हतबल ठरले आणि रोग्यांच्या निकट संपर्कामुळे तेच अधिक संख्येने मेले, असे थुसिडिडीसने नोंदवून ठेवले आहे. प्लेटोच्या वाचकांना हे ठाऊक होते. वैद्याच्या आत्मविश्वासामागे ही सावली उभी करण्यासाठी प्लेटोला एका वाक्यापेक्षा अधिक लिहावे लागले नाही.

७

संवादाच्या शेवटी दारावर गलबला होतो. बासरीवालीच्या आधाराने अल्सिबायडीस आत येतो. सायंकाळी परत पाठवलेले मद्य आणि संगीत ही दोन्ही त्याच्याबरोबर परत येतात. एरिक्सिमेकस त्यालाही नियमात बसवू पाहतो. तेव्हा वैद्याची योग्यता अनेक माणसांच्या बरोबरीची असते या होमरच्या उक्तीचा हवाला देऊन अल्सिबायडीस ‘सांगशील तसे करतो’ असे म्हणतो. परंतु तो जे बोलतो त्यात नियमन काहीच नाही. सॉक्रेटीसच्या शब्दांनी आपल्याला सर्पाहून दारुण असा हृदयाला दंश केला, असे तो सांगतो. एरिक्सिमेकसच्या भाषणात नसलेला प्रेम करणारा माणूस आता समोर उभा आहे आणि त्याच्या दंशावर औषध नाही. मात्र अल्सिबायडीसही बरा झालेला नाही, हे विसरता कामा नये. वैद्याने ज्या उच्छृंखल एरॉसचा धोका सांगितला त्याचेच तो चालते-बोलते उदाहरण आहे. वैद्य चुकला, पण त्याची भीती निराधार नव्हती.

आणखी काही माणसे आत घुसतात, सर्व शिस्त मोडते आणि प्रत्येकाला अमर्याद प्यावे लागते. त्या वेळी एरिक्सिमेकस, फीड्रस व आणखी काही जण उठून घरी जातात. पहाटेपर्यंत जागे राहतात ते सॉक्रेटीस आणि दोन नाटककार. वैद्य वेळेवर झोपावयास गेला यात त्याचे पथ्य सांभाळले गेले. पण प्रेमाच्या रात्रीचा उत्तरार्ध त्याने पाहिला नाही.

आज प्रेमाचे स्पष्टीकरण मेंदूतील रसायनांच्या भाषेत केले जाते तेव्हा एरिक्सिमेकसचा वारसा नव्या सामग्रीनिशी पुढे चालू असतो. त्या स्पष्टीकरणांना हसण्याचे कारण नाही. प्लेटोही हसून थांबला नाही. प्रेम सृष्टीच्या नियमांबाहेर नाही, हे त्याने वैद्याकडून घेतले आणि डायोटिमाच्या सोपानाची पहिली पायरी शरीराचीच ठेवली. फक्त त्या पायरीलाच त्याने घर मानले नाही. ‘सिम्पोझियम’ शिकवताना एरिक्सिमेकसचे भाषण वेळेअभावी वगळण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आढळतो. तो प्रघात सोडणे श्रेयस्कर होईल. कारण उणिवेवाचून प्रेमाची कल्पना करणारा हा वैद्य प्रथम समजून घेतला नाही, तर उणीव हेच प्रेमाचे मर्म होय या सॉक्रेटीसच्या सिद्धांताची किंमत वाचकाला कळणार नाही.